पुढे आलेला हात



एरवी या सदरात आपण तांदळाला लागलेली कीड, उतू जाणारं दूध आणि न सांगता येणारे पाहुणे यांच्याविषयी बोलतो. पण गेल्या काही आठवड्यांतल्या पत्रांमध्ये एक तक्रार निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आली, म्हणून आज स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून जरा चौकात जाऊ या. एका भगिनीने लिहिलं आहे, "सिग्नलला रिक्षा थांबली की मी जीव मुठीत धरून बसते." दुसरीचा पदर स्टेशनच्या जिन्यावर कुणी तरी धरून ठेवला होता. तिसरीने मात्र नेमकं दुखणं सांगितलं आहे. ती म्हणते, "पैसे दिले तर घरी बोलणी, आणि नाही दिले तर दिवसभर स्वतःच्या मनाची बोलणी."

मी राहते त्या गावाचं नावच मुळी चौक आहे. भाईंदरहून उत्तनच्या बाजूला आलं की समुद्राकाठी आमचं हे कोळ्यांचं गाव. वर टेकडीवर धारावीचा किल्ला. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला होता. नाव चौक असलं तरी आमच्याकडे सिग्नल नाही, आणि अंगावर येऊन मागणारंही कुणी नाही. गावात मागणारा आला तर तो कुणाचा कोण, हे निम्म्या गावाला ठाऊक असतं. पण बसने भाईंदर स्टेशनला उतरलं, किंवा कामासाठी गोल्डन नेस्ट, काशिमीरा नाक्यापर्यंत जावं लागलं, की चित्र बदलतं. तिथे आपण मागणाऱ्याला ओळखत नाही आणि तो आपल्याला ओळखत नाही. दोघांच्या मध्ये असते ती फक्त लाल दिव्याची मिनिटभराची सवड. त्या मिनिटात आपण जे देतो ते बहुतेक वेळा दया म्हणून नसतं. समोरचा एकदाचा पुढे जावा म्हणून ते आपण देतो.

माझं आजचं सांगणं एवढंच आहे की, भीतीपोटी देणं बंद करायचं आणि ठरवून देणं सुरू करायचं. यातली एकच गोष्ट केली तर भागत नाही. नुसतं देणं बंद केलं तर मन कोडगं होतं, आणि नुसतं देत राहिलं तर पर्सही रिकामी होते आणि भीतीही जात नाही.

मागणं वेगळं, जबरदस्ती वेगळी

आपल्या आज्या-पणज्यांच्या दारात मागणारे येत नसत असं नाही. पहाटे वासुदेव येई, पिंगळा येई, सुगीत गोंधळी, बहुरूपी, नंदीबैलवाले येत. त्यांना सुपातून पसाभर धान्य मिळे. तेव्हा दार आपलं असे, माप आपलं असे आणि येणारा माणूस वर्षानुवर्षांचा असे. घरात नसलं तर "आज माफ करा, पुढच्या घरी जा" म्हटलं की तो रागावत नसे. पुढच्या खेपेला पुन्हा येई. देण्या-न देण्याचा अधिकार गृहिणीच्या हातात होता, म्हणून त्या देण्यात समाधानही होतं.

चौकातल्या मागण्याने हाच अधिकार आपल्या हातून काढून घेतलेला असतो. म्हणून आधी मनाशी दोन रकाने आखा. हात पुढे करून कुणी मागत असेल, मग तो कितीही वेळा मागो, ते झालं मागणं. त्याला नाही म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे आणि त्यात पाप नाही. मात्र हात धरणं, पदर ओढणं, वाट अडवणं, रिक्षात हात घालणं, मुलाच्या अंगाला हात लावणं, "दिलं नाहीस तर तुझ्या लेकराचं वाईट होईल" म्हणणं, ही झाली जबरदस्ती. मागणारा कितीही गरीब असला तरी ती सोसण्याचं बंधन आपल्यावर नाही.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण "पोलीस यांना उचलत का नाहीत?" हा प्रश्न बऱ्याच पत्रांत आहे. आपल्या राज्यात भीक मागण्याविरुद्ध कायदा आहे, तो १९५९ सालचा. त्याची व्याख्या फार मोठी आहे. गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून पैसे मागणाराही तीत येतो. म्हणजे कायद्याचा शब्दन् शब्द लावला तर आपला वासुदेवसुद्धा सुटणार नाही! पहिल्यांदा दोषी ठरला तर १ ते ३ वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं, पुन्हा सापडला तर १० वर्षांपर्यंत. या गृहांत कामाचा मोबदला किती मिळत होता? महिन्याला ५ रुपये. तो दिवसाला ४० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. इतक्या वर्षांत तिथून माणसं आपल्या पायांवर उभी राहून का बाहेर पडली नाहीत, याचं थोडंसं उत्तर त्या ५ रुपयांत आहे.

दिल्लीत लागू असलेली याच कायद्यातली शिक्षेची बरीच कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये रद्द केली. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की, भीक मागण्यामागे गरिबी आहे. भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवा असा वरच्या वर्गाचा दृष्टिकोन आम्ही घेणार नाही. दुसरीकडे मार्च २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी चौकांत भीक मागायला मनाई केली. इंदूरमध्ये तर १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला. असे आदेश ठरावीक मुदतीचे असतात; मुदत संपली की चौक पुन्हा होता तसा. तेव्हा कुणी तरी येऊन सगळ्यांना एकदम उचलून नेईल, अशी वाट पाहत बसू नये. आपण काय करायचं ते आपण ठरवावं.

चौकात उभं असताना

पहिली गोष्ट पर्सची. घरातून निघतानाच रिक्षा-बसचे सुटे पैसे वेगळ्या लहान पाकिटात काढून घ्या. मोठी पर्स रस्त्यात उघडायचीच नाही. उघडलेल्या पर्समधल्या नोटा दिसल्या की मागणारा दहा रुपयांवर थांबत नाही, आणि त्याला तरी दोष कसा द्यावा? रिक्षात पर्स मांडीवर न ठेवता आतल्या बाजूला, दोघींच्या मध्ये ठेवावी. मोबाइल हातात धरून बाहेर झुकू नये. मंगळसूत्र पदराखाली किंवा ओढणीखाली असावं. ही काळजी भिकाऱ्यांसाठी म्हणून सांगत नाही. गर्दीचा फायदा घेणारे हात निराळेच असतात, आणि नाव मात्र मागणाऱ्याचं होतं.

दुसरी गोष्ट नाही म्हणण्याची. आपल्यापैकी पुष्कळ जणी नाही म्हणतच नाहीत. आपण मान फिरवतो, मोबाइलमध्ये बघतो, पर्स चाचपतो. समोरच्याला वाटतं, बाई अजून विचार करते आहे, मग तो आणखी मागतो. त्यापेक्षा एकदाच चेहऱ्याकडे बघून, शांतपणे, "नाही, पुढे जा" म्हणावं. लगेच नजर काढून घ्यावी आणि पुन्हा काही बोलू नये. "धडधाकट आहेस, काम का करत नाहीस?" हे व्याख्यान तर मुळीच देऊ नये. त्याने कुणी कामाला लागत नाही, मात्र भांडणाला हमखास तोंड फुटतं. "चल हट," "अंगाला हात लावू नको, घाण" असले शब्दही नकोत. अपमान झाला की मागणारा माणूस हट्टाला पेटतो, आणि आपली मुलं ते शब्द उचलतात.

तिसरी गोष्ट आवाजाची. कुणी हात किंवा पदर धरलाच, तर तेव्हा मऊ बोलायचं नाही. आमच्या गावच्या कोळणी भाईंदरच्या बाजारात टोपली घेऊन बसतात. त्यांच्या वाट्याला कुणी जात नाही, याचं कारण त्यांचा आवाज! "हात सोडा!" एवढे दोनच शब्द, पण सगळ्या फलाटाला ऐकू जातील असे. हिसकाहिसकी करू नये, ढकलू नये. जवळच्या दुकानात शिरावं, दुसऱ्या बायकांच्या घोळक्यात जावं किंवा वाहतूक पोलिसाजवळ जाऊन उभं राहावं. माणूस मागे येत राहिला, धमकी दिली, तर ११२ क्रमांकावर फोन करावा. आपला भाग २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात येतो. गाडीत असाल तर रेल्वेचा १३९ आहे. फोनवर "भिकारी त्रास देतो" असं मोघम सांगू नका. कोणता फलाट, कोणता डबा, कुणी काय केलं, हे सांगा. "पुलाच्या जिन्यावर वाट अडवून पैसे मागत आहेत" म्हटलं की ऐकणाऱ्याला काम कळतं.

शापाची भीती

आता नाजूक विषय. लहान मूल कडेवर असलं की मोठमोठ्या धीराच्या बायका ढेपाळतात. माझ्या धाकट्या जाऊबाईंचंच सांगते. तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन त्या रिक्षाने येत होत्या. नाक्यावर एकीने बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाचशे रुपये मागितले. देईनात म्हणताना दोन-चार वाईट शब्द बोलली. जाऊबाईंनी घाबरून पाचशेची नोट काढून दिली. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण पुढे महिनाभर बाळ जरा शिंकलं की त्यांना तो नाका आठवे. शेवटी सासूबाईंनी त्यांना समोर बसवलं. म्हणाल्या, "अगं, पाचशे रुपयांत आशीर्वाद विकत मिळत असता तर एव्हाना दवाखाने ओस पडले असते. आशीर्वादाने ताप उतरत नाही, तर शापाने तो चढेल कसा? बाळाला डोस वेळेवर दे म्हणजे झालं." ज्या मैत्रिणींनी याच भीतीने पत्रं लिहिली आहेत, त्यांना माझ्या सासूबाईंचंच उत्तर मी पाठवते.

तृतीयपंथी मागायला आले की ही भीती जास्त वाटते, कारण लहानपणापासून आपल्याला तसं सांगितलेलं असतं. तीच भीती काही जणांच्या उपयोगी पडते, हेही खरं. पुणे पोलिसांनी एप्रिल २०२४ मध्ये चौकांत तृतीयपंथीयांकडून जबरदस्तीने पैसे उकळले जाण्याविरुद्ध आणि न बोलावता घरी जाऊन मागण्याविरुद्ध मनाई आदेश काढला होता. पण दुसरी बाजूही बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यांची ओळख मान्य केली, २०१९ मध्ये त्यांच्या हक्कांचा कायदा झाला. तरी आपल्या सोसायटीत त्यांना खोली कोण देतं? दुकानात नोकरीला कोण ठेवतं? श्रीगौरी सावंत यांच्या 'सखी चारचौघी'सारख्या संस्था या कामात आहेत, म्हणून थोड्या वाटा उघडल्या आहेत. तेव्हा बोलताना "ताई" म्हणावं, नजरेत तुच्छता नसावी, आणि नाही म्हणायचं असेल तर तितक्याच स्वच्छपणे नाही म्हणावं.

बारशाला किंवा लग्नघरी ते दारात आले, तर काय द्यायचं हे घरातल्यांनी आधीच ठरवून पाकिटात घालून ठेवावं. एकाच माणसाने बोलावं. "आमच्या आनंदाचे एवढे घ्या, यापुढे जमणार नाही," असं सांगून पाकीट द्यावं. हजारांची भाषा सुरू झाली तर बाळ-बाळंतिणीला आतल्या खोलीत पाठवावं, शेजाऱ्यांना हाक मारावी, आणि गरज पडली तर ११२ आहेच.

गोष्टी सांगून मागणारे

काही मागणारे अंगावर येत नाहीत, उलट फार गोड बोलतात. "पैसे नकोत ताई, बाळासाठी फक्त दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन द्या," ही मुंबईतली जुनी युक्ती. डबा घेऊन आपण पाठ फिरवली की तो त्याच दुकानात परत जातो आणि पैसे दोघांत वाटले जातात. खरोखर दूध द्यावंसं वाटलं तर दुधाची पिशवी स्वतः कापून भांड्यात ओतून द्यावी, किंवा डब्याचं झाकण आणि आतलं सील उघडून द्यावा. औषधाची चिठ्ठी दाखवणारा असेल तर, "चला, औषध घेऊन देते," म्हणावं. खरा गरजू सोबत येतो. "पाकीट मारलं गेलं, गावाला जायला तिकिटाचे पैसे नाहीत," म्हणणाऱ्या कुटुंबाला स्टेशनवरच्या रेल्वे पोलिसांची खोली दाखवावी. मनगटाला दोरा बांधणारे, कपाळाला टिळा लावायला येणारे यांच्यासमोर हात मागे घ्यावा. एकदा बांधून घेतला की मग पैसे नाकारणं जड जातं.

आश्रमाच्या पावत्या घेऊन फिरणाऱ्यांना रस्त्यात काही देऊ नये. पावतीवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्या, घरी चौकशी करा आणि मग खुशाल पाठवा.

मूल पुढे आलं तर

सगळ्यात कठीण प्रसंग हा. सहा-सात वर्षांची पोर रिक्षाच्या दांडीला धरून उभी राहते, पोटावर हात ठेवते. मी अर्धवेळ शिकवते, म्हणून असं मूल दिसलं की माझ्या मनात आधी येतं, ही या वेळी शाळेत कशी नाही? एकदा वर्गात मी मुलांना विचारलं की, सिग्नलला एखादं मूल पैसे मागायला आलं तर तुम्ही काय करता? एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, आई सांगते तिकडे बघू नको." त्याची आई काही वाईट नाही. आपण सगळ्याच असं सांगतो. पण त्या वयाच्या मुलाला दुसरं मूल न दिसण्याची सवय लागली, तर पुढे त्याला कुणाकडे बघायला आपण कसं शिकवणार?

तरी मुलाच्या हातात पैसे देऊ नका, असंच मी सांगेन. चौकात ते मूल जितकं कमावतं, तितकं त्याला शाळेत पाठवणं घरच्यांना महाग पडतं. मुलाला भीक मागायला लावणं हा गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपये दंड सांगितला आहे. एकटं, आजारी, गुंगीत असल्यासारखं किंवा मारहाण झालेलं मूल दिसलं तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. फोन फुकट लागतो. जागा, वेळ, मुलाचे कपडे एवढं सांगितलं तरी पुरे. भूक दिसत असेल तर केळं द्या, बिस्किटाचा पुडा फोडून द्या, नाव विचारा.

आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं एक उदाहरण सांगते. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर पुलाखाली कितीतरी कुटुंबं राहत. दुष्काळी भागातून आलेली, गजरे आणि खेळणी विकणारी. त्यांची मुलं सिग्नलला मागायचीही. १५ जून २०१६ रोजी समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने ठाणे महापालिकेच्या साहाय्याने तिथेच, पुलाखाली, मालवाहू कंटेनरमध्ये 'सिग्नल शाळा' सुरू केली. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळा मुलांपर्यंत नेली. आधी त्यांना अंघोळ घालणं, खायला देणं आणि मग अक्षर. यातली काही मुलं पुढे दहावी पास झाली. शिकवणाऱ्या बाईला त्या एका निकालाची किंमत काय असते, ते मी तुम्हाला सांगायला नको. नाक्यावर टाकलेल्या नाण्यांनी हे झालं नसतं. कुणी तरी ठरवून दिलं, वेळ दिला, म्हणून झालं.

भीती जास्त झाली तर

सावधपणा सांगताना एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे. सोसायटीच्या आणि शाळेच्या व्हॉट्सअॅप गटांवर मधूनमधून फोटो फिरतात, "मुलं पळवणारी टोळी आली आहे, भिकाऱ्यांच्या वेशात फिरते आहे." आपण आई असतो, काळजीने लगेच पुढे पाठवतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसं आली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, सोलापूरकडची, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारे म्हणून जमावाने त्यांना ठार मारलं. त्यांनी कुणाचं मूल पळवलेलं नव्हतं. ज्यांना आपल्या आज्या सुपातून धान्य घालत होत्या, त्यांच्यापैकीच ही माणसं.

म्हणून असा निरोप आला तर तो तुमच्यापाशीच थांबू द्या. खरी शंका असेल तर फोटो गटावर न टाकता पोलिसांना कळवा. जमाव जमवणारी ओळ आपल्या बोटांनी पुढे जाऊ नये.

घरच्या हिशेबात एक ओळ

आता ठरवून देण्याचं. महिन्याचा हिशेब मांडताना दूध, किराणा, फी, वीज यांच्याखाली "देणं" अशी एक ओळ घाला. पन्नास असो, पाचशे असो, घराला झेपेल ते. स्वयंपाकघरात त्यासाठी एक डबा ठेवा. सिग्नलला नाही म्हटलं आणि मन खायला लागलं, तर घरी आल्यावर तेवढे पैसे डब्यात टाका. चौकातला नकार मग मनाला लागत नाही, कारण तो पैसा आपण स्वतःसाठी वाचवलेला नसतो.

महिनाअखेर घरातल्या सगळ्यांनी मिळून ते कुठे द्यायचे हे ठरवावं. मुलांनाही विचारावं. ओळखीच्या म्हाताऱ्या बाईचं औषध, कामवाल्या बाईंच्या मुलीची वह्या-पुस्तकं, जवळच्या शाळेतल्या एखाद्या मुलाचा गणवेश, असं डोळ्यांसमोरचं काही. किंवा माणसाला उभं करणारी संस्था. गाडगेबाबा आधी गाव झाडून काढत आणि मग भाकरी घेत. त्यांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी काही ठेवलं नाही. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं, तिथे एरवी रस्त्यावर हात पसरावा लागला असता अशा कुष्ठरोग्यांनी शेती केली, कापड विणलं. अलीकडे पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे मंदिरांबाहेर बसणाऱ्यांवर तिथेच जाऊन उपचार करतात, आणि ओळख वाढली की त्यांना झेपेल असा छोटा धंदा सुरू करून देतात. भिकाऱ्यांचे डॉक्टर म्हणूनच लोक त्यांना ओळखतात. त्यांच्या रीतीतली मला आवडलेली गोष्ट ही की, पहिल्यांदा ते माणसाशी बोलतात. रोजच्या वाटेवरची एक म्हातारी, एक अपंग गृहस्थ, यांच्याशी आपल्यालाही बोलता येईल. रोज एकाच जागी दिसणाऱ्या अशा माणसाला ठरवून काही दिलं तर माझी हरकत नाही. तिथे पुन्हा दार आपलं आणि माप आपलं होतं.

जाता जाता, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा:

१. सुटे पैसे वेगळे, मोठी पर्स रस्त्यात बंद.
२. नाही एकदाच, चेहऱ्याकडे बघून, अपमान न करता.
३. अंगाला हात लागला तर मोठ्याने "हात सोडा," आणि लोकांत जाऊन उभं राहणं.
४. जबरदस्ती, धमकी: ११२. रेल्वेत: १३९. संकटातलं मूल: १०९८.
५. मुलाच्या हाती पैसे नाहीत. उघडलेलं खाणं चालेल.
६. मुलं पळवणाऱ्यांचे निरोप पुढे पाठवायचे नाहीत.
७. महिन्याच्या हिशेबात "देणं" ही ओळ.

तुमच्या गावच्या चौकात तुम्ही काय युक्ती करता, ते जरूर कळवा. निवडक पत्रं इथे देईन. आणि हो, तांदळाच्या किडीबद्दल ज्यांनी विचारलं होतं, त्यांनी तोवर तांदळाच्या डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावा. बाकीचं पुढच्या आठवड्यात.